ड्राय

पुण्याचा पाहुणा ग्लास उजेडात धरतो
आणि दर शनिवारी कुणीतरी विचारतंच, ते विचारतो :
ओली असून हिला ड्राय का म्हणतात?
मी पाठ केलेलं सांगते.
द्राक्षातली साखर यीस्टने खाऊन टाकली
की मागे उरतं ते ड्राय.
गोडवा संपला, एवढाच अर्थ.
तो मान डोलावतो, फोटो काढतो.
खिडकीबाहेर गंगापूर धरणाचं पाणी
काठ सोडून पार आत गेलेलं.
पेपरात त्यालाही ड्राय स्पेल म्हणतात,
तिथे मात्र चव कुणी विचारत नाही.

गांधी जयंतीला आमचं दार बंद. ड्राय डे.
त्या दिवशी आहेर एकटाच
टाक्यांना कान लावत हिंडतो.
आत सगळं फसफसत असतं.

पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटच्या नकाशावर
बिल्डरने छापलं होतं : ड्राय बाल्कनी.
घरातली तीच एक जागा कधी वाळत नाही.
मशीन, बादली, पोछा, पिळलेले टॉवेल.
बाबांचा शेवटचा सदरा तिथेच
आठ दिवस दोरीवर होता.
कुणी काढला, मी विचारलं नाही.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे वाळताना पाहिले.
स्वतः हसत नसत. पंगतीत, वाढप्याला थांबवून,
सरळ चेहऱ्याने सांगायचे,
"रोज लाखो रुपये हाताखालून जातात हो,
घरी येताना फक्त हात येतात."
मामा म्हणायचा, भाऊजी फार ड्राय आहेत.
हे कौतुक होतं
हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.
तोवर मी त्यांना तुसडे समजून
पुष्कळ वर्षं घालवली होती.

मग खोकला आला.
फॅमिली डॉक्टर म्हणाले, ड्राय आहे,
काळजीचं काही नाही.
त्या एका शब्दावर आम्ही
दोन महिने काढले.

आणि आता आईच्या डोळ्यांतून पाणी.
मेथी निवडताना, बातम्या बघताना,
घंटागाडीत सुका कचरा टाकताना.
खालच्या शौचेकाकू म्हणाल्या, रडू दे गं, मोकळं होऊ दे.
मीही तेच धरून चालले होते.
शेवटी कॅनडा कॉर्नरला नेलं, डॉ. कोठावदेंकडे.
हनुवटी मशीनवर टेकवून त्यांनी पाहिलं
आणि म्हणाले, ड्राय आय.
"अहो, पण हिला सारखं पाणी येतं!"
"म्हणूनच. डोळा कोरडा पडला की घाबरतो,
भलतंच पाणी सोडतो.
ते नुसतं वाहतं. उपयोगाचं नसतं."
चिठ्ठीवर लिहिलं : कृत्रिम अश्रू,
दिवसातून चार वेळा.
मेडिकलवाला म्हणाला, दहा मिली, दोनशे वीस.
सुटे आहेत का?

रिक्षात मी आईला सगळं सांगत सुटले,
ती वाइन, ती बाल्कनी, हा डोळा,
इंग्रजीला कसं एकच विशेषण कुठेही चालतं.
ती पदराने डोळा टिपत म्हणाली,
"त्यात काय एवढं? भाकरीबरोबर
आपण पातळ आमटी करतो,
तिला कोरड्यासच म्हणतो ना?"
पस्तीस वर्षं मी ती आमटी ओरपतेय.
एकदाही मान वर करून विचारलं नाही.

रात्री तिला आडवी करते. वर बघ, म्हणते.
एक थेंब डोळ्यात, एक चुकून
कानशिलावरून उशीकडे.
मी घाईने पुसायला जाते.
"राहू दे," ती म्हणते, "दुकानातला आहे.
माझे मी अजून काढलेच नाहीत."
चेहरा अगदी सरळ.
क्षणभर मला कळत नाही
हसायचं की काय करायचं,
बाबांच्या वेळी कळायचं नाही तसंच.

मी टोपण घट्ट लावते.
पलीकडे मशीन ड्रायवर टाकलंय,
थरथरतंय,
आणि खालच्या नळीतून
पाणी सुटतंय.